नाकाची तालीम : कोल्हापुरातले तीन दिवस

रत्नागिरीहून आंबा घाट चढून मलकापूर, बांबवडे मागे टाकले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो, आणि वाघबीळच्या पुढे हवेत गुळाचा वास मिसळू लागतो. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. गुऱ्हाळांचा हंगाम उतरणीला लागला होता, तरी केर्लीच्या अलीकडे एका शेतात धूर दिसला म्हणून आम्ही गाडी आत वळवली. मुलांना गूळ कसा होतो ते दाखवायचे होते, आणि खालांसाठी ताजा, अजून कोमट असलेला गूळ न्यायचा होता.

काहिलीत रस खदखदत होता. खाली चुलवणात एक माणूस वाळलेली चिपाडे सारत होता. भेंडीचे पाणी घातल्यावर वर आलेली मळी गुळव्या झाऱ्याने काढून बाजूला टाकत होता. पूर्वी या पट्ट्यात पावलोपावली गुऱ्हाळे असत, आता शोधावी लागतात. काहील उतरवायची वेळ कशी कळते, असे आमच्या धाकट्याने विचारले. गुळव्याने झारा थांबवला नाही. "बुडबुडं बघायचं, पाण्यात टाकून गोळी बघायची. पर आदी नाक सांगतंय." सर्दीने नाक बंद असले तर काय करता, हा पुढचा प्रश्न. "मग त्या दिवशी दुसऱ्याला हुबं करतो की!"

खालांनी मात्र तीन वर्षे कुणालाच उभे केले नव्हते, कारण नाक गेले आहे हे त्यांनी स्वतःशीही कबूल केले नव्हते.

खाला मूळच्या आमच्याच रत्नागिरीच्या. नात्याने त्या आमच्यापैकी एकाच्याच खाला, पण आम्ही दोघेही त्यांना खालाच म्हणतो. पस्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या कोल्हापूरच्या एका अत्तार घराण्यात गेल्या. बोलणे आता पक्के कोल्हापुरी झाले आहे, फक्त रागावल्या की कोकणी बाहेर येते. अत्तार म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागते. आठवडी बाजारात पाल ठोकून अत्तर, सुरमा, धूप, हळद-कुंकू, जायफळ आणि झाडपाल्याची औषधे विकणारे ते अत्तार. गावातल्या हिंदू घरच्या लग्नाची हळद आणि मुसलमान घरच्या ईदचे अत्तर एकाच पेटीतून जायचे. खालूंचे वडील पाल सोडून शहरात आले आणि बिंदू चौकापासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत त्यांनी छोटे दुकान टाकले. आज तिथे अत्तर, टोप्या, तसबीह, सुरमा, अगरबत्ती असे सगळे मिळते. हिशेब खालू बघत आणि माल खाला. कनौजहून किंवा मुंबईहून नवी कुपी आली की मनगटावर थेंब घेऊन, एकदा लगेच आणि एकदा तासाभराने हुंगून, त्यात काय मिसळले आहे ते खाला सांगत. दुकानाची पत त्यांच्या नाकावर होती, असे खालू स्वतःच म्हणतात.

जून २०२१ मध्ये, दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरत असताना कोल्हापुरात मात्र रेंगाळली होती, तेव्हा खालांना ताप आला. चार दिवसांत ताप गेला. दवाखान्यात दाखल व्हावे लागले नाही, अल्हम्दुलिल्लाह. पाचव्या दिवशी खालूंनी घरात लोबान फिरवला, तेव्हा धुराकडे बघतच त्यांनी विचारले, "आज लोबान बदलला काय? वास कसा नाही?" वास जाणे हे या आजाराचे लक्षण आहे, हे तोवर सगळ्यांना ठाऊक होते. भारत सरकारने १३ जून २०२० लाच ते लक्षणांच्या यादीत घातले होते. पंधरा दिवसांत येईल, असे सगळ्यांनी सांगितले, आणि बहुतेकांचा तसा आलाही.

जुलैत पंचगंगेला महापूर आला. शुक्रवार पेठेत खालांच्या नणंदेच्या घरात माणूसभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर घर धुवायला सगळे गेले. नाकाला रुमाल बांधून, मळमळ आवरत लोक चिखल उपसत होते. गाद्या कुजल्या होत्या, धान्य आंबले होते. खाला उघड्या तोंडाने तळघरात उतरल्या आणि दुपारपर्यंत एकट्या घाण काढत राहिल्या. नणंद सगळ्यांना सांगत होती, आमच्या वहिनीसारखी मनाची घट्ट बाई नाही. खाला आम्हाला म्हणाल्या, "मला काहीच येत नव्हतं बाळा. तवा पहिल्यांदा भ्याले."

सप्टेंबरात वास परतला, पण भलताच. कांदा तेलात पडला की रबर जळल्यासारखी घाण सुटे. कॉफी, अंडी, लसूण, भाजलेले मटण या सगळ्यांना तोच एक वास. ज्या घरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय रविवार जात नाही, त्या घरात खाला स्वयंपाकघराचे दार ओढून माडीवर बसू लागल्या. दही-भात, दूध आणि खजूर एवढ्यावर त्यांचे चालले होते. वजन उतरले. जवळचे लोक म्हणाले, नखरे आहेत. कुणी म्हणाले, नजर लागली. एकाने नाकात तेल सोडायला लावले. त्याने नाक झोंबले, सुजले, वास काही आला नाही. (वाचकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाकात काही घालू नये. वर चढून बसलेले तेल फुप्फुसातही उतरू शकते.)

लोकांना न दिसणारा त्रास निराळाच होता. आपल्या अंगाला, कपड्यांना, तोंडाला वास येतो की काय, हे कळायचा मार्गच उरला नव्हता. पाकीचा विचार ज्यांच्या हाडीमाशी आहे अशा बाईचे काय होत असेल याचा अंदाज करा. दिवसातून तीन तीनदा आंघोळ, वजूवर वजू, आणि लग्नकार्याला जाणे बंद. अत्तर मात्र त्या लावत नसत. किती लावले ते कळत नाही, मग लोक हसतात. अत्तराच्या दुकानाच्या मालकीणबाई तीन ईदींना बिनअत्तराच्या राहिल्या. आणि एका सकाळी गॅसचे बटण अर्धवट उघडे राहिले. शेजारीण वासाने धावत आली, खाला दोन हातांवर बसून भाजी निवडत होत्या. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणूनच त्यात तो घाण वासाचा मरकॅप्टन मिसळतात. ज्याचे नाक गेले त्याच्यासाठी ती सारी व्यवस्था फुकट जाते. आता त्यांच्या ओट्याजवळ गळती झाली की भोंगा वाजवणारे छोटे यंत्र आहे, आणि फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी.

पहिल्या डॉक्टरांनी आपोआप येईल म्हणून परत पाठवले होते. डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात दुर्बीण घालून नीट तपासले, हाडात किंवा मांसात दोष नाही याची खात्री केली आणि औषधाची चिठ्ठी न देता चार वस्तू लिहून दिल्या : गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. खालू चिठ्ठी बघून हसले. म्हणाले, "ही तर आमच्याच दुकानाची यादी झाली की."

आम्ही पोहोचलो त्या संध्याकाळी मगरिबनंतर खालांनी त्या चार बाटल्या पुढे मांडल्या. तपकिरी काचेच्या, रुंद तोंडाच्या. आत जाड कागदाचा गोल तुकडा, त्यावर तेलाचे काही थेंब, वर घट्ट झाकण आणि नावाची चिठ्ठी. खाला ताठ बसल्या. एक बाटली उघडून नाकापासून थोडी दूर धरली, डोळे मिटले आणि लहान लहान, हलके श्वास घेऊ लागल्या. ससा हुंगतो तसे. मोठा श्वास ओढायचा नाही. दहा-पंधरा सेकंद झाल्यावर झाकण, थोडी विश्रांती, मग पुढची. चार बाटल्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत. हे सकाळी एकदा आणि रात्री एकदा, रोज, किमान तीन महिने, आणि त्यातून काही हलताना दिसले तर पुढेही.

मुलांना हे फार साधे वाटले. आम्हालाही वाटले असते, पण आधी थोडे वाचून गेलो होतो. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. कोरोनाच्या दहा-अकरा वर्षे आधी! साध्या सर्दी-तापाच्या विषाणूनेही काहींचा वास कायमचा जातो. असे रुग्ण तेव्हाही होते, फक्त त्यांची दखल कुणी घेत नव्हते. चार वास का, यालाही इतिहास आहे. हान्स हेनिंग नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये वासांचे मूळ प्रकार मांडले होते. त्यातले फुलाचा, फळाचा, राळेचा आणि मसाल्याचा असे चार घेऊन प्रत्येकाचा एकेक प्रतिनिधी निवडला. बारा आठवड्यांनंतर, ज्यांनी रोज हुंगले त्यांच्यात न हुंगणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. पुढच्या अभ्यासांत असेही आढळले की तीन तीन महिन्यांनी बाटल्यांमधले वास बदलत गेले तर फायदा आणखी होतो.

नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताला, वास ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तिथून निघालेले बारीक तंतू चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून थेट मेंदूत जातात. या पेशींचे वैशिष्ट्य असे, की त्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. मज्जातंतूंच्या जगात ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि सगळी आशा तिच्यावरच आहे. कोरोनाचा विषाणू मुख्यतः या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. शेजार कोसळला की यांचेही हाल होतात. पुन्हा उगवताना नवे तंतू चुकीच्या जागी जोडले गेले, किंवा थोडेच जोडले गेले, की कांद्याचे रबर होते, असे समजतात. रोजच्या हुंगण्याने नेमके कुठे काय दुरुस्त होते, नाकात किती आणि मेंदूत किती, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. मेंदूचे लक्ष त्या वासाकडे वळवणे हा त्यातला मोठा भाग असावा. म्हणून खालांच्या डॉक्टरांनी ताकीद दिली होती : टीव्ही बघत हुंगायचे नाही. लवंग धरली तर लवंग आठवायची.

खालांनी आठवणी ठरवून घेतल्या आहेत. लवंग म्हणजे लहानपणी दाढ दुखली तेव्हा अम्मीने लावलेला तेलाचा बोळा. लिंबू म्हणजे इफ्तारचे सरबत. निलगिरी म्हणजे पावसाळ्यातली वाफ. गुलाब म्हणजे त्यांच्या निकाहचा दिवस. खालू बाजूलाच बसले होते, पण यावर काही बोलले नाहीत.

इथे दुकानदारीची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खालूंनी पहिल्या बाटलीत कौतुकाने अस्सल गुलाबाचे महागडे अत्तर घातले होते, चंदनाच्या तेलावर ओढलेले. वाचताना आम्हाला कळले की ड्रेस्डेनच्या गुलाबाच्या बाटलीत गुलाब नव्हताच. होते फिनाइल इथाइल अल्कोहोल, म्हणजे बाजारात स्वस्त 'गुलाब' म्हणून जे विकले जाते त्यातला मुख्य माल. चंदन मिसळले की एकाऐवजी दोन वास झाले. अस्सल कुपी परत कपाटात गेली आणि पन्नास रुपयांची बाटलीत आली. ज्या मालाला खालांनी जन्मभर नाक मुरडले, तोच त्यांच्या नाकाच्या कामी यावा याचे त्यांना अजून हसू येते.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर खाला आम्हाला चालायला घेऊन निघाल्या. कोल्हापूरची सकाळ तालमींची असते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या मल्लांच्या तालमी देशभर ठाऊक आहेत, पण पेठापेठांत काळाईमाम, बाबूजमाल, घुडणपीर अशा कितीतरी आहेत. काहींची नावेच पिरांची. मोहरमला अनेक तालमींत पंजे बसतात आणि ते बसवणारे हात हिंदूंचेही असतात. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले, त्याच महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढून बोर्डिंग सुरू केले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग ते हेच. तालीम हा शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण. कोल्हापूरकरांनी तो आखाड्याला दिला. महाराजांनी मात्र दोन्ही अर्थांनी तालमी काढल्या म्हणायच्या.

एका तालमीच्या दारात खाला थांबल्या. त्या आणि मोठी मुलगी बाहेर, बाकी आम्ही आत. हौद्यातली तांबडी माती दोन पोरे फावड्याने उकरत होती. हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर घालून मुरवलेली ती माती. तिचा वास आंबट, थंड, ओलसर असा एकाच वेळी येतो. घामाचा वास त्यात मिसळला तरी वाईट वाटत नाही. वस्ताद वयस्कर होते. आम्ही कशाला आलो ते सांगितले तर त्यांना नवल वाटले नाही. माती रोज उकरता का, असे विचारले. "रोज. न्हाई उकरली तर दगड हुती." आणि थोड्या वेळाने, जोर काढणाऱ्या पोराकडे बघत, "आज जोर मारले म्हणून उद्या दंड फुगत न्हाईत. दोन वर्सं कुणाला कायबी दिसत न्हाई. घरची म्हणत्यात, नुसतं दूध-बदाम खातंय." आम्ही मूठभर माती कागदात मागून घेतली.

बाहेर खालांनी कागद उघडला. हलके हलके हुंगले. "कापूर येतोय," त्या म्हणाल्या, "माती न्हाई." मग पुन्हा एकदा, डोळे मिटून, "ताकाचं कायतरी." वही पर्समध्येच असते. त्यांनी तिथल्या तिथे तारीख आणि दोन्ही गोष्टी लिहिल्या.

ती वही आम्ही नंतर मागून घेऊन वाचली. दोनशे पानी, शाळेची. प्रत्येक दिवशी चार रकाने आणि शून्य ते पाच गुण. पहिले पाच आठवडे सगळीकडे शून्य, फक्त निलगिरीपुढे दोन. खालांना तेव्हा फार आनंद झाला होता, पण डॉक्टरांनी तो खोडून काढला : निलगिरीचा गारवा हा वास नव्हे. डोळ्यांत कांदा झोंबतो, नाकात मिरची झोंबते, पुदिना थंड लागतो, ही सगळी दुसऱ्याच मज्जातंतूची कामे. वास गेलेल्या माणसालाही ती कळतात. गुलाबाचे तसे नाही. तो झोंबत नाही की गार लागत नाही, म्हणून तो आला की खरोखर वासच आला. आणि खालांच्या वहीत गुलाबापुढे अकरा आठवडे शून्य आहे. बाराव्या आठवड्यात लवंगेपुढे एक, शेजारी शेरा : "लवंग नाही, पण रिकामं पण नाही." मधली काही पाने कोरी आहेत. त्या दिवसांबद्दल आम्ही विचारले नाही. एप्रिलमध्ये लवंग तीन. गुलाबापुढे पहिला एक आकडा पडला तो २०२३ च्या पावसाळ्यात, म्हणजे सुरुवात केल्यापासून सात महिन्यांनी. त्या ओळीखाली काहीच लिहिलेले नाही, फक्त रेघ ओढली आहे, दोनदा.

झोंबणे आणि वास यांतला फरक आम्हाला लक्ष्मीपुरीत प्रत्यक्ष दिसला. मिरची कांडपाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि रमजान आठवड्यावर होता, त्यामुळे वर्षाचा कांदा-लसूण मसाला आधीच करून घेणाऱ्यांची गर्दी. डंकाखाली संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची पडत होती आणि सबंध रस्ता खोकत होता. खालाही खोकल्या, डोळे पुसू लागल्या. धाकटा आनंदाने ओरडला, खालादादींना वास आला! "वास न्हाई रे राजा, नुसतं झोंबतंय." पण पुढच्या गाळ्यात धने-खोबरे भाजत होते तिथे त्या थबकल्या. खोबरे कळते, म्हणाल्या. धने अजून रबरच.

जेवणाचेही असेच. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मटणाच्या रश्श्यात असते ती एक दाट चव एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती घास चावताना घशाकडून वर नाकात जाणारी वाफ असते. मधल्या काळात तांबडा रस्सा खालांसाठी मीठ आणि तिखट घातलेले गरम पाणी होता. आता त्यांना पांढरा रस्सा चालतो, आवडतो म्हटले तरी चालेल. त्यात वेलदोडा आहे, खसखस आहे, नारळाचे दूध आहे आणि कांदा भाजलेला नसतो. तांबड्याची वाटी त्या अजून खालूंकडे सरकवतात. त्या रात्री त्यांनी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा पुलाव केला. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तांदूळ आखूड, गोलसर, पण झाकण उघडले की गल्लीला कळते. बिरिस्ता सुनेने मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर तळला. झाकण काढून खालांनी चेहरा वाफेवर धरला. "येतोय," म्हणाल्या, "पण शेजारच्या घरातनं आल्यासारखा."

आम्हाला कौतुक वाटले ते सुनेचे. दुकानात आता नव्या कुपीचा थेंब तिच्या मनगटावर पडतो. ती हुंगते आणि बोलते : आधी गोड, मग गवतासारखे, मग शेवटी थोडे रॉकेल. खाला ऐकतात आणि सांगतात, खस खरी आहे पण पातळ केली आहे, परत पाठव. नाक एकीचे आणि चाळीस वर्षांचे ज्ञान दुसरीचे. हे त्यांनी आधीच केले असते तर दुकानाची दोन वाईट वर्षे वाचली असती, असे खालूंचे मत. आमचे मत असे की बाईचे नाक गेले हे घरातल्या कुणी गंभीरपणे घेतले असते, तर तिनेही लवकर सांगितले असते. डोळा गेला तर माणसे धावतात. नाक गेले म्हटले की हसतात. मराठीत नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे, त्यामुळे विनोद तर तयारच असतो.

मुळात वास गेला आहे हे त्या माणसालाच पुरते कळत नाही, हेही खरे. पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या गटाने २०२० मध्येच वासाची मोजणी करणारे यंत्र तयार करून, लक्षणे नसलेल्या कोरोनाबाधितांची तपासणी केली होती. वास व्यवस्थित येतो असे सांगणाऱ्या अनेकांचे नाक यंत्रावर कमी पडलेले निघाले. चार वर्षांनंतरही आपल्या घराघरांत असे लोक असतील. भाजीत मीठ-तिखट वाढले आहे, दूध नासल्याचे कळत नाही, अत्तर भरमसाट लावले जाते, अशा बारीक खुणांवरून ते ओळखता येतात.

खालांच्या उदाहरणावरून कुणी चमत्काराची अपेक्षा करू नये. रोज हुंगूनही काहींचा वास येत नाही. विषाणूमुळे गेलेला वास या सरावाला बरा प्रतिसाद देतो, डोक्याला मार लागून गेलेला त्यापेक्षा कमी. स्टिरॉइड्सच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे धोक्याचे आहे, मधुमेह्यांना तर फारच. दमा असेल तर बाटल्या सुरू करण्यापूर्वी विचारावे. तेल कातडीला लावायचे नाही, पोटात घ्यायचे नाही, मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही. निलगिरीचे तेल लहान मुलाने थोडे प्याले तरी गंभीर प्रसंग ओढवतो. थेंब दोन-तीन महिन्यांनी बदलावे लागतात, कारण ते उडून जातात आणि माणूस उगाच निराश होतो. खर्च म्हणाल तर चार बाटल्या, लवंगेचे आणि निलगिरीचे तेल, लिंबाची साल किंवा तेल, आणि स्वस्त गुलाब. जवळच्या अत्ताराकडे सगळे मिळते.

तिसऱ्या दिवशी निघण्याच्या आधी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस, समोर धार, पेल्यात फेस. कोमट दुधाला गोठ्याचा, गवताचा, सरकीचा पुसट वास असतो. खालांनी पेला बराच वेळ नाकाशी धरून ठेवला, मग काही न सांगता पिऊन टाकला. वही काढली नाही.

दुकानात एक प्रश्न आम्हीही विचारला, कारण तो अनेकांना पडेल. रोज्यात हे हुंगणे चालते का? खालांनी पहिल्याच वर्षी मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारून घेतले होते. सुगंध हुंगल्याने रोजा जात नाही, असे त्यांनी सांगितले. लोबान-उदबत्तीचा धूर जाणूनबुजून आत ओढू नये, आणि नाकात औषधाचे थेंब सोडायचे असतील तर ते इफ्तारनंतर. तरीही शंका नको म्हणून खालांनी वेळा बदलल्या आहेत : पहिली फेरी सेहरी उरकण्याआधी, दुसरी तरावीहनंतर. सध्या त्यांची तिसरी जोडी चालू आहे. गुलाब आणि लवंग कायम ठेवल्या आहेत, निलगिरीच्या जागी खस आली आहे आणि लिंबाच्या जागी मातीचे अत्तर, कनौजचे. तालमीतल्या मातीची पुडी त्यांनी पाचव्या बाटलीत रिकामी केली, नाव लिहिले आणि झाकण लावले.

आम्ही नेलेला गूळ तोवर थंड, घट्ट झाला होता. तो त्यांनी ओळखला, पण वासाने की जिभेने, हे त्यांना सांगता आले नाही. गाडीत बसताना त्यांनी खिडकीशी येऊन सांगितले, मे महिन्यात याल तेव्हा पेटी आणू नका, पेटीतल्या आंब्याला पुठ्ठ्याचा वास येतो. आढीतला एकच हापूस आणा, पण त्याच्या खालच्या पेंढ्यासकट. पेंढा आधी हुंगायचा आहे.